शेळीचा शपथविधी आणि इतर ठराव

व्हरमाँटमध्ये मार्चचा पहिला मंगळवार सरकारी सुट्टीचा असतो आणि ही सुट्टी भांडण्यासाठी दिलेली असते. त्या दिवशी गावोगाव ‘टाउन मीटिंग’ भरते. शाळेच्या व्यायामशाळेत नाहीतर गावच्या सभागृहात घडीच्या लोखंडी खुर्च्या मांडल्या जातात, दाराशी मतदारयादीत नावापुढे खूण होते, आणि मग जमलेलं गाव हात वर करून ठरवतं, की येत्या वर्षी रस्त्यांवर किती खर्च करायचा, ट्रकवर किती आणि वाचनालयावर किती. मध्ये नगरसेवक नाही, स्थायी समिती नाही. पैसे आपले, खड्डा आपला आणि भांडणही आपलंच.

अमेरिकेच्या ईशान्य कोपऱ्यात कॅनडाला टेकलेल्या या राज्याची लोकसंख्या २०२०च्या जनगणनेत ६ लाख ४३ हजार भरली. म्हणजे कोल्हापूर शहराहून थोडी जास्त आणि सोलापुराहून बरीच कमी. गावं अडीचशेच्या आसपास. राजधानी माँटपेलियरची वस्ती जेमतेम आठ हजार. अमेरिकेतल्या पन्नास राज्यांत याहून लहान राजधानी नाही. आपल्याकडे एवढ्या वस्तीला नगरपालिका मिळावी म्हणून उपोषणाला बसावं लागेल. इतक्या लहान राज्यात मोठे प्रश्न सगळ्यांना पुरत नाहीत. त्यामुळे लहान प्रश्न निगुतीनं मोठे करण्याची कला तिथे पिढ्यान् पिढ्या जोपासली गेली आहे.

कला मूळची इंग्लंडची. तिथल्या खेड्यांत चर्चच्या परगण्याची सभा भरवून कुंपणं, गुरं, गरिबांची सोय असल्या गोष्टींचा निकाल लावण्याची रीत होती. सतराव्या शतकात जहाजातून आलेल्या इंग्रज वसाहतवाल्यांनी बायबलाबरोबर ही रीतही आणली. मॅसॅच्युसेट्समधल्या डॉर्चेस्टर गावानं १६३३ साली असा ठरावच केला, की ठरलेल्या सोमवारी सकाळी आठ वाजता ढोल वाजला की सगळ्यांनी सभेला जमायचं. दवंडी पिटायला ढोल होता आणि भांडायला जमीन नुकतीच मिळाली होती. न्यू इंग्लंडमधली लोकशाही तिथून सुरू झाली असं इतिहासकार म्हणतात. आठ वाजता नेमके किती जण हजर होते, याबद्दल ते फार बोलत नाहीत.

आता ढोल वाजत नाही, नोटीस लागते. कायदा असा, की सभेच्या किमान तीस आणि जास्तीत जास्त चाळीस दिवस आधी विषयपत्रिका चारचौघांच्या नजरेला पडेल अशा ठिकाणी लावायची. या नोटिशीला तिथे ‘वॉर्निंग’ म्हणतात आणि सभेला एकदा जाऊन आलेल्या माणसाला ते नाव चुकीचं वाटत नाही. गावातल्या शंभरातल्या पाच मतदारांनी सह्या केल्या, तर त्यांचाही विषय पत्रिकेत घ्यावा लागतो. नोटिशीच्या जोडीला निघतो गावचा वार्षिक अहवाल. मुखपृष्ठावर बहुतेक वेळा गावातल्या एखाद्या ज्येष्ठ नागरिकाचं किंवा जुन्या पुलाचं छायाचित्र, आत जमाखर्च, ग्रंथपालांचं मनोगत, जन्म-मृत्यू आणि कुत्र्यांच्या परवान्यांचा हिशेब. पण लोक अहवाल उघडतात ते थेट मागच्या बाजूनं. तिथे अनेक गावं मालमत्ता कर थकवणाऱ्यांची नावं छापतात. साहित्यगुण काही नसताना इतक्या आवडीनं वाचला जाणारा मजकूर अमेरिकेत दुसरा नसेल.

सभेचं पहिलं काम अध्यक्ष निवडण्याचं. त्याला ‘मॉडरेटर’ म्हणतात. हा माणूस गावातलाच असतो. त्याला सगळ्यांची नावं, नाती आणि जुनी वैरं पाठ असतात आणि यांतलं काहीच ठाऊक नसल्यासारखा चेहरा करून त्याला दिवसभर उभं राहायचं असतं. त्याच्या हाताशी असतो मेजर हेन्री मार्टिन रॉबर्ट यांचा नियमग्रंथ. हे रॉबर्ट सैन्यात अभियंता होते. १८६३ साली न्यू बेडफर्डच्या एका चर्चमध्ये त्यांना आयत्या वेळी सभेचं अध्यक्ष केलं गेलं आणि ती सभा त्यांच्या हातातून पार सुटली. किल्ले आणि बंदरं बांधणाऱ्या माणसाला चर्चमधली चार माणसं आवरेनात. हा अपमान त्यांनी तेरा वर्षं मनात ठेवला आणि १८७६ साली सभा कशी चालवावी यावर पुस्तकच काढलं. त्या छोट्या पुस्तकाची २०२०ची बारावी आवृत्ती सातशे पानांच्या वर गेली आहे. एका सभेत झालेल्या फजितीचा इतका सविस्तर सूड जगात दुसऱ्या कोणी उगवला नसेल. व्हरमाँटच्या कायद्यानं गावसभेला हे नियम किंवा असेच दुसरे नियम लागू केले आहेत.

त्या नियमांतला सर्वांत शहाणा नियम असा, की बोलणाऱ्यानं अध्यक्षांशी बोलायचं, समोरच्याशी नाही. दोन रांगा पुढे बसलेल्या शेजाऱ्यानं आपल्या हद्दीत बर्फ लोटलं असेल, तरी त्याच्याकडे वळून बोलायची सोय नाही. ‘अध्यक्षमहाराज, पंचमंडळींना विचारायचंय की...’ अशीच सुरुवात करायची. अबोला धरलेले नवरा-बायको जसे ‘बंड्या, बाबांना सांग जेवण वाढलंय’ म्हणतात, तसं सगळं गाव दिवसभर एका बंड्यामार्फत बोलत राहतं. यानं शब्दांची धार कमी होत नाही, पण मारामारी टळते. उद्या हिमवादळात ज्याच्या ट्रॅक्टरनं आपली मोटार ओढून काढायची, त्याला आज मूर्ख म्हणणं परवडत नाही. ‘आदरणीय वक्त्यांच्या हिशेबात थोडी गफलत दिसते’ एवढंच म्हणता येतं.

आणखी एक नियम आपल्याकडच्या वाचकाला खरा वाटणार नाही. जो त्या गावचा मतदार नाही, त्याला सभेच्या परवानगीशिवाय बोलता येत नाही. यात शेजारच्या गावी राहणारा आमदारही आला. तो सकाळी येतो, मागे बसतो, आणि गावानं माना डोलावल्या तर पाच मिनिटं राजधानीतल्या घडामोडी सांगून खाली बसतो. हार नाही, शाल नाही, श्रीफळ नाही. स्वागतपर भाषणही नाही, कारण ते विषयपत्रिकेत नसतं.

मग येतं अंदाजपत्रक. नॉर्थकोट पार्किन्सन या इंग्रज लेखकानं १९५७ साली एक काल्पनिक समिती रंगवली होती. ती अणुभट्टीचा कोट्यवधींचा खर्च अडीच मिनिटांत मंजूर करते आणि सायकली ठेवायच्या छपरावर पाऊण तास घालवते, कारण अणुभट्टी कोणालाच कळत नाही आणि छप्पर सगळ्यांनाच कळतं. टाउन मीटिंगमध्ये सायकलीच्या छपराची जागा मोरीनं घेतली आहे. रस्त्याखालून ओढ्याचं पाणी काढून देणारी मोरी किती इंचांची असावी, याबद्दल व्हरमाँटमध्ये ज्याला मत नाही असा प्रौढ नागरिक सापडणं कठीण. विम्याचा हप्ता, हिशेबतपासनिसाची फी यांवर कोणी चकार शब्द काढत नाही. मोरी निघाली, की विणकाम करणाऱ्या बायकासुद्धा सुया खाली ठेवतात.

अर्थात मोरीची थट्टा करताना जरा जपून. राज्यातले निम्म्याहून अधिक रस्ते कच्चे आहेत. बर्फ वितळू लागलं की मार्च-एप्रिलमध्ये त्यांचा राडा होतो. हा राडा इतका भरवशाचा, की हिवाळा आणि वसंत यांच्या मध्ये ‘चिखलाचा हंगाम’ नावाचा पाचवा ऋतू तिथले लोक गंभीरपणे मोजतात. २०११च्या आयरीन वादळात आणि पुन्हा जुलै २०२३च्या पुरात मोऱ्या वाहून गेल्या, रस्ते तुटले, काही गावं जगापासून तुटली. ज्यांनी ते पाहिलंय ते इंचावर का भांडतात, हे समजतं. गावच्या खर्चातला मोठा वाटा रस्ते खातात. त्यामुळे रस्ता समतल करणारा ग्रेडर हे यंत्र नवीन घ्यायचं की जुन्यालाच आणखी एक हिवाळा रेटायचं, हा तिथला परराष्ट्र धोरणाच्या तोलाचा विषय आहे.

परराष्ट्र धोरणही येतं म्हणा. मार्च १९८२मध्ये दीडशेहून अधिक गावांनी अमेरिका आणि सोव्हिएत संघ या दोघांनी अण्वस्त्रांची वाढ थांबवावी असे ठराव केले. सकाळी मोरी, दुपारी अणुबाँब. रेगन आणि ब्रेझनेव्ह यांनी ठरावांना उत्तर दिल्याचं ऐकिवात नाही, पण त्या मंगळवारची बातमी देशभर झाली आणि अण्वस्त्रविरोधी चळवळीला बळ मिळालं. गाव करी ते राव न करी, म्हणतात ते अगदीच खोटं नाही.

किलिंग्टन या गावानं तर २००४ साली कमाल केली. बर्फावर घसरायला येणाऱ्या पाहुण्यांमुळे हे गाव पैसेवालं. शाळांच्या खर्चासाठी राज्यानं १९९७मध्ये जो कायदा केला, त्यामुळे आपला पैसा दुसऱ्यांच्या शाळांकडे वळतो, ही गावाची तक्रार. उपाय म्हणून टाउन मीटिंगमध्ये ठराव झाला, की व्हरमाँट सोडून शेजारच्या न्यू हॅम्पशायर राज्यात सामील व्हायचं. अडचण एवढीच होती, की न्यू हॅम्पशायरची हद्द गावापासून सुमारे पंचवीस मैलांवर आहे आणि मधला सगळा मुलूख व्हरमाँटचा. सीमाप्रश्नाचा अनुभव असलेल्या मराठी माणसालाही ही मागणी धाडसी वाटेल. आपल्याकडे निदान गावं सीमेवर तरी आहेत. पुढच्या वर्षी गावानं तोच ठराव पुन्हा केला. किलिंग्टन अजून व्हरमाँटमध्येच आहे आणि कर अजून भरतंच आहे.

गावसभा म्हटलं की पदाधिकारी आलेच. आणि लहान गावात पद मरत नाही, माणूस मरतो. कुंपणावरून वाद झाला तर पाहणी करणारे तीन कुंपणनिरीक्षक, लाकडाचा निरीक्षक, कोळसा तोलणारा, कोंडवाड्याचा रखवालदार अशा नेमणुका व्हरमाँटच्या गावांत आपल्या काळापर्यंत होत आल्या आहेत. घरात कोळसा जाळणारा माणूस शोधून सापडत नाही, पण उद्या कोणी आणलाच तर वजन करायला माणूस हवा! मॅसॅच्युसेट्समध्ये पूर्वी मोकाट डुकरांवर लक्ष ठेवणारा अधिकारी निवडला जाई आणि गंमत म्हणून हे पद त्या वर्षी लग्न झालेल्या नवरदेवांच्या गळ्यात मारलं जाई. १८३५मध्ये लग्न करून राल्फ वॉल्डो इमर्सन काँकॉर्ड गावी राहायला आले. पुढे भगवद्गीता वाचून ज्यांनी ब्रह्मावर कविता लिहिली तेच हे इमर्सन. गावानं परंपरेप्रमाणे त्यांना डुक्कर-अधिकारी निवडलं. सर्वांभूती एकच आत्मा असतो हे तत्त्व मांडण्याआधी त्याची खातरजमा करून घेण्याची ही उत्तम संधी होती. त्यांनी किती डुकरं पकडली याची नोंद चरित्रकार देत नाहीत.

या परंपरेचा कळस २०१९ साली फेअर हेवन गावात झाला. न्यू यॉर्क राज्याच्या सीमेलगतचं हे गाव, वस्ती तीन हजारांच्या आत. मुलांच्या खेळाच्या मैदानासाठी पैसे उभे करायचे होते. गावाला महापौर नाहीच. कारभार पंच आणि एक नेमलेला व्यवस्थापक पाहतात. या व्यवस्थापकानं मिशिगनमधल्या एका गावानं मांजर महापौर केल्याचं वाचलं होतं. मग ठरलं, टाउन मीटिंगच्या दिवशीच मानद महापौराची निवडणूक घ्यायची, उमेदवार फक्त पाळीव प्राणी. सोळा अर्ज आले. बहुतेक कुत्री-मांजरं, एक जर्बिल नावाचा उंदरासारखा जीव आणि एक न्युबियन शेळी. शेळीचं नाव लिंकन. तिला १३ मतं पडली, तिच्या खालोखाल सॅमी नावाच्या कुत्र्याला ११. दोन मतांच्या फरकानं शेळी महापौर झाली. फेरमोजणीची मागणी झाली नाही, घोडेबाजाराचा आरोप झाला नाही आणि कोणाला रिसॉर्टवर नेऊन ठेवावं लागलं नाही.

आठवड्याभरात शपथविधी झाला. पत्रकार आले, कॅमेरे आले. महापौरांनी भर समारंभात जमिनीवर लेंड्या टाकल्या आणि त्या साफ करण्याचं काम गावच्या पोलीस प्रमुखांकडे आलं. नेत्यानं केलेली घाण पोलिसांनी निस्तरायची, ही पद्धत सर्वत्र असली तरी इतक्या उघडपणे ती क्वचितच पाहायला मिळते. निवडणुकीतून गोळा झाले फक्त शंभरेक डॉलर. पण शेळीची बातमी जगभर गेली आणि तिच्या नावावर देणग्या येऊ लागल्या. वर्षभरानं, मार्च २०२०मध्ये, मर्फी नावाच्या स्पॅनियल कुत्र्यानं तिला हरवलं. लिंकननं पराभव शांतपणे स्वीकारला. त्या वर्षी अमेरिकेत हे सगळ्यांनाच जमलं असं नाही.

आपल्याकडे याला तुल्य म्हणजे ग्रामसभा. वर्षातून किमान चार, बहुधा २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरच्या मुहूर्तावर. महाराष्ट्रात गणपूर्तीला पंधरा टक्के किंवा शंभर मतदार, यांतले जे कमी असतील ते लागतात. शंभर जण जमले नाहीत तर सभा तहकूब. आणि तहकूब सभा पुन्हा भरली की तिला गणपूर्तीची अट नाही. त्यामुळे पहिली सभा बऱ्याच ठिकाणी दुसऱ्या सभेचा पाया म्हणूनच भरते. व्हरमाँटवाल्यांनी पहिली पायरीच गाळली आहे. तिथे गणपूर्तीची भानगड नाही. जे आले ते गाव. फ्रँक ब्रायन नावाच्या प्राध्यापकानं विद्यार्थ्यांना हाताशी धरून १९७० ते १९९८ या काळातल्या चौदाशेहून अधिक सभांमध्ये डोकी मोजून घेतली. सरासरी पाच मतदारांतला एक हजर होता. गाव जितकं लहान, तितकी हजेरी जास्त. याचं कारण लोकशाहीवरची निष्ठा हे असेल. आपण गेलो नाही तर आपल्याविषयी बोलतील, ही भीतीही असेल.

पण गडचिरोलीच्या मेंढा-लेखामधल्या माणसाला व्हरमाँट परकं वाटणार नाही. ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ म्हणणाऱ्या त्या गावात बहुमतानं नाही, सर्वानुमतीनं निर्णय होतात. म्हणजे एकाचं अडलं तरी सगळे पुन्हा बसतात. रॉबर्टसाहेबांनी हे ऐकलं असतं तर पुस्तकाचा दुसरा खंड काढला असता.

एकट्या माणसाचं ऐकून घेण्याचं चित्र मात्र व्हरमाँटनंच जगाला दिलं. चित्रकार नॉर्मन रॉकवेल आर्लिंग्टन गावी राहत असताना सभेत एक शेजारी सगळ्या गावाच्या मताविरुद्ध उभा राहून बोलला आणि गावानं त्याला बोलू दिलं. त्यावरून रॉकवेलनं काढलेलं भाषणस्वातंत्र्याचं चित्र १९४३ साली छापलं गेलं आणि युद्धनिधीसाठी देशभर फिरलं. चित्रात शेजाऱ्याचा चेहरा तेजस्वी आहे आणि बाजूचे श्रोते मान वर करून ऐकताहेत. तो किती वेळ बोलला, हे चित्रात दिसत नाही.

दुपारी जेवणाची सुट्टी. बेक केलेल्या घेवड्याच्या बिया, मॅकरोनी, घरच्या पाय. कुठे ज्यानं त्यानं आणलेलं, कुठे चर्चच्या किंवा शाळेच्या मदतीसाठी तिकीट लावून. कसलेला मॉडरेटर वादाचा विषय जेवणाच्या जरा आधी घेतो, म्हणजे स्वयंपाकघरातून येणारा वास उरलेली भाषणं आवरून देतो. जेवणानंतरची भाषणं लांबतात, पण ती ऐकायला जागं कोण असतं!

सगळी थट्टा करूनही गावाचा कारभार राज्याच्या, देशाच्या कारभाराला कुठे जाऊन भिडेल सांगता येत नाही. २ ऑगस्ट १९२३च्या रात्री राष्ट्राध्यक्ष हार्डिंग वारले तेव्हा उपराष्ट्राध्यक्ष कॅल्विन कूलिज सुट्टीवर व्हरमाँटमधल्या प्लिमथ नॉच या आपल्या गावी होते. घरात फोन नव्हता. निरोप माणसाकरवी आला. वडील गावचे नोटरी होते, तेव्हा पहाटे २ वाजून ४७ मिनिटांनी रॉकेलच्या दिव्यात वडिलांनी मुलाला राष्ट्राध्यक्षपदाची शपथ दिली. शपथ झाल्यावर राष्ट्राध्यक्ष पुन्हा झोपले. पुढे वॉशिंग्टनमध्ये कोणीतरी शंका काढली, की राज्याच्या नोटरीनं दिलेली केंद्राची शपथ चालते का? मग गाजावाजा न करता न्यायाधीशाकडून ती दुसऱ्यांदा देवविण्यात आली. शिक्का चुकीचा आहे, पुन्हा या, हे ऐकण्याची वेळ अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षावरही येते, हे कळलं तर आपल्या तहसील कचेरीबाहेरच्या रांगेला तेवढाच दिलासा.

कोविडच्या काळात, २०२१मध्ये, बऱ्याच गावांनी सभा सोडून मतपत्रिकेचा मार्ग धरला. एक बाजू म्हणते, की घरबसल्या मत देता येतं, वेळ वाचतो, तान्ही मुलं असलेल्यांची आणि पाळीवर जाणाऱ्यांची सोय होते, आणि मतदारही जास्त भाग घेतात. दुसरी बाजू म्हणते, की छापील प्रश्नाला हो किंवा नाही एवढंच म्हणता येतं. ट्रक नव्याऐवजी वापरलेला घ्या, अशी दुरुस्ती सुचवता येत नाही. दोन्ही बाजू खऱ्या आहेत आणि म्हणूनच वाद मिटत नाही. कायदा असा, की सभा सोडून मतपत्रिका कायमची आणायची तर तसा निर्णय गावसभेच्या ठरावानं करावा लागतो. त्यामुळे यापुढे सभा नको, याच विषयावर आता सभा रंगतात.

पत्रिकेतला शेवटचा विषय आपल्याकडच्यासारखाच, आयत्या वेळचा. त्यात काहीही विचारता येतं आणि त्यात झालेलं काहीही कोणावर बंधनकारक नसतं. स्वयंपाक करणाऱ्यांचे आभार मानले जातात, दिवे जास्त वेळ जळतात अशी तक्रार होते, कोणाचा तरी हातमोजा सापडलेला असतो. मग कोणीतरी सभा बरखास्त करण्याचा ठराव मांडतं. रॉबर्टसाहेबांच्या नियमांप्रमाणे या ठरावावर चर्चा करता येत नाही. ती बाहेर मोटारींपाशी उभं राहून, चिखलात, अंधार पडेपर्यंत चालते.